साहेबाचा कट्टा आणि काँतचा दंडक

प्रति,
माननीय संचालक,
पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र राज्य



विजयदुर्ग किल्ल्यावर गेलेल्या पाहुण्याला तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. शत्रूची गलबते जिच्यावर आपटून फुटायची ती समुद्राखालची भिंत, आंग्र्यांचे आरमार, आणि साहेबाचा कट्टा. पहिल्या दोन गोष्टींबद्दल हे पत्र नाही.

तिसरी गोष्ट अशी सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. ते पाहायला सर नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ विजयदुर्गावर आला, कट्टे बांधून त्याने दुर्बिणी रोखल्या, सूर्याच्या वर्णपटात त्याला पिवळी रेषा दिसली आणि हेलियमचा शोध लागला. ऑगस्ट आला की ही कथा छापून येते, सहलीला आलेल्या मुलांना ऐकवली जाते, आणि अलीकडे त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. कोकणातल्या एका बुरुजावर शाळकरी मुले सूर्याच्या वर्णपटाबद्दल ऐकतात ही लहान गोष्ट नव्हे. उपक्रम चालू राहावा असेच या पत्राचे म्हणणे आहे. कथा मात्र तपासून घ्यायला हवी, आणि त्यासाठी तत्त्वज्ञानातला एक जुना पंथ फार उपयोगी पडतो. त्याचे नाव प्रत्यक्षार्थवाद. त्या पंथाच्या संस्थापकाची जन्माची फजिती ज्या शोधांनी केली, त्यांच्याच मालिकेत हेलियम बसतो. एका किल्ल्याच्या फलकावर या दोघांना शेजारी जागा मिळायला काहीच हरकत नसावी.

संस्थापक म्हणजे ऑग्यूस्त काँत. १७९८ साली फ्रान्सच्या माँपेलिए शहरात जन्म, १८५७ साली पॅरिसमध्ये मृत्यू. पॅरिसच्या नामांकित एकोल पॉलितेक्निकमध्ये तो शिकत होता, पण १८१६ साली तिथल्या विद्यार्थ्यांची अख्खी तुकडीच घरी पाठवली गेली आणि त्याचे शिक्षण अर्धवट राहिले. पुढे गणिताच्या शिकवण्या, सां-सिमों या विचारवंताची चिटणिशी, मध्येच वेड्यांच्या इस्पितळाची वारी, आणि या सगळ्यातून १८३० ते १८४२ या काळात सहा खंडांचा प्रचंड ग्रंथ. 'समाजशास्त्र' हे नावही त्याच ग्रंथातून जगाला मिळाले.

त्याचे म्हणणे थोडक्यात सांगता येते. माणसाच्या हाती खात्रीचे ज्ञान येते ते निरीक्षणातून, आणि निरीक्षणांमधले नियमित संबंध शोधण्यातून. घटना कशा घडतात, कशामागून काय येते, हे विचारावे. त्यांच्यामागे अखेरचे प्रयोजन काय, मूळ सत्त्व कोणते, याचा नाद सोडून द्यावा. मानवी बुद्धी तीन अवस्थांतून जाते असे त्याने मांडले. आधी देवदैत्यांच्या इच्छेने सगळे घडते असे मानणारी, मग अमूर्त शक्तींच्या भाषेत बोलणारी, आणि शेवटी प्रत्यक्षावर थांबणारी.

ग्रहणाचेच उदाहरण घेतले तर काँतची ही शिडी कळते, आणि तिची एक पायरी कशी डगमगते तेही दिसते. राहूने सूर्य गिळला, ही पहिली अवस्था. चंद्राच्या सावलीचे गणित, ही शेवटची. पण आर्यभटाने ४९९ साली सावल्यांचे गणित मांडले तरी राहू कुठे गेला नाही. मराठी पंचांगात ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष मिनिटाच्या हिशेबाने दिलेले असतात आणि त्याच पानावर वेध कधी लागतात, कुणी काय खाऊ नये, हेही असते. ग्रहण सुटल्यावर गल्लीतून 'दे दान, सुटे गिराण' अशी हाक यायची, तेव्हा ती सुटण्याची वेळ घरातले लोक गणिती पंचांगावरूनच सांगत. अवस्था एकीमागून एक येतात हे काँतचे निदान भारतात तरी फसले. त्या एकाच घरात, एकाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुण्यागोविंदाने नांदतात.

काँतला खगोलशास्त्र विशेष प्रिय होते. शास्त्रांमध्ये सर्वांत आधी प्रौढ झालेले शास्त्र म्हणजे खगोल, असे तो मानी. १८३१ पासून पुढे कित्येक वर्षे त्याने पॅरिसच्या कामगारांसाठी खगोलशास्त्राची मोफत व्याख्याने दिली. स्वतःच्या पोटाची भ्रांत असलेला हा गृहस्थ कारागिरांना ग्रहांच्या गती समजावून सांगत असे. त्याच्या विक्षिप्तपणाचे किस्से खूप सांगितले जातात. तेरा महिन्यांचे कॅलेंडर, मानवतेचा धर्म, त्या धर्माची मंदिरे. कॅलेंडरात मोझेसच्या महिन्यात बुद्धालाही एक आठवडा दिलेला. ब्राझीलच्या १८८९ च्या झेंड्यावर 'सुव्यवस्था आणि प्रगती' अशा अर्थाचे शब्द आले तेही त्याच्या तिथल्या अनुयायांमुळे, आणि त्या झेंड्यावर आकाशातले तारे आहेत हा योगायोग त्याला नक्कीच आवडला असता. पण त्या मोफत व्याख्यानांचा किस्सा क्वचितच कुणी सांगतो.

या ताऱ्यांनीच त्याचा घात केला.

१८३५ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात त्याने ज्ञानाची हद्द आखली. आकाशस्थ गोलांचे आकार, अंतरे, आकारमाने, गती आपल्याला कळू शकतील. त्यांची रासायनिक घडण मात्र कोणत्याही उपायाने कधीच कळणार नाही, असे त्याने ठामपणे लिहिले. तर्क सरळ होता. रसायनशास्त्राला पदार्थ हातात लागतो, तारा हातात येत नाही, येतो तो फक्त त्याचा प्रकाश. दृष्टीपलीकडच्या गोष्टींवर बडबड करू नये, या त्याच्या शिस्तीला धरूनच हे वाक्य होते. खरे तर फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटातल्या शेकडो काळ्या रेषा १८१४ सालीच नोंदवून ठेवल्या होत्या. उत्तर तिथे लिहिलेले होते, वाचता कुणाला येत नव्हते.

काँत वारला सप्टेंबर १८५७ मध्ये. १८५९ च्या शरद ऋतूत हायडेलबर्गला किर्खहोफ आणि बुनसेन यांनी ते वाचून दाखवले. प्रत्येक मूलद्रव्य तापले की ठराविक रंगाच्या रेषा देते, आणि सूर्याच्या वर्णपटात नेमक्या त्याच जागी काळ्या रेषा आहेत. म्हणजे सूर्यात सोडियम आहे, लोखंड आहे. 'कधीच नाही' म्हटलेली गोष्ट चोवीस वर्षांत घडली. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात इतक्या स्वच्छपणे, इतक्या लवकर खोटे ठरलेले भाकीत दुसरे सापडणे कठीण. आणि ते खोटे पाडले कुणा गूढवाद्याने नव्हे. प्रयोगशाळेत ज्योत पेटवून, रेषा मोजून, काँतला हव्या असलेल्या रीतीनेच.

आता १८६८. त्या ग्रहणाचा पट्टा एडनकडून येऊन भारतीय द्वीपकल्प ओलांडून सयामकडे गेला. मोठी निरीक्षणे झाली ती गुंटूरला आणि मच्छलीपट्टणला. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन आणि मेजर टेनंट होते, मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा पॉगसन. आपल्या शेजारी जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, विजापूरला कॅप्टन हेग. भर ऑगस्ट महिना असल्याने या दोघांना ढगांनी छळले. निरीक्षणे मिळाली ती ढगांच्या फटीफटीतून. त्याच तारखेला कोकणच्या किनाऱ्यावर पावसाची काय कथा असते हे सिंधुदुर्गातल्या कुणालाही विचारावे.

सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांत तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे त्या दिवशी पक्के झाले. त्यांत एक पिवळी रेषाही होती. बहुतेकांनी ती सोडियमची धरली. जान्सेनचे खरे यश दुसऱ्या दिवशीचे आहे. इतक्या तेजस्वी रेषा ग्रहणाविनाही दिसायला हव्यात असे त्याला वाटले, आणि १९ ऑगस्टला त्या दिसल्याही.

आणि लॉकियर? तो त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. 'सर' तर तो नव्हताच. ती पदवी १८९७ ची. १८६८ साली तो लंडनच्या युद्धखात्यात कारकून होता आणि फावल्या वेळात सूर्य पाहात असे. त्याने मागवलेला वर्णपटदर्शक हाती पडायला ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला त्याने ग्रहणाशिवाय ज्वालांच्या रेषा पाहिल्या. जान्सेनचे आणि त्याचे, अशी दोन्ही पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबर रोजी एकाच बैठकीत पोहोचली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे मुखवटे असलेले पदक पाडले. पिवळी रेषा सोडियमची नाही, सोडियमच्या जोडरेषा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर तर ही ५८७.६ वर, हे लॉकियरच्या मोजमापांतून स्पष्ट होत गेले. ग्रीकांचा सूर्यदेव हेलिओस, त्याच्यावरून ठेवलेले 'हेलियम' हे नाव १८७१ साली एडिंबरोच्या सभेत विल्यम टॉमसनने जाहीरपणे उच्चारले.

संचालक महोदय, कथेत १८६८, लॉकियर आणि विजयदुर्ग ही तीन नावे एका ओळीत आहेत. नोंदींत ती तशी नाहीत. पण नोंदी विजयदुर्गाला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत.

लॉकियर विजयदुर्गावर आला होता. आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. मुंबई इलाख्यात प्लेगचा धुमाकूळ चालू होता, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली त्याला बरोबर सात महिने झाले होते. अशा दिवसांत एका युद्धनौकेचा, 'मेल्पोमेनी'चा, कप्तान आणि खलाशी दुर्बिणी, प्रिझमचे कॅमेरे, घड्याळे घेऊन या किल्ल्यावर कवायत करत होते, कारण सूर्य झाकलेला राहणार होता दोन मिनिटे आणि त्या दोन मिनिटांत प्रत्येक हाताला एकेक काम नेमून दिलेले होते. आकाश स्वच्छ मिळाले. सूर्यकडेच्या क्षणभर चमकणाऱ्या वर्णपटाची छायाचित्रे निघाली. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा सविस्तर अहवाल आला. त्याच्या शीर्षकातच 'विझियाद्रुग' हे नाव आहे. त्याच दिवशी जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेल होता, आणि त्याच जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नेगमवाला. तळणीला हौशी खगोलप्रेमींची तुकडी होती, तिच्यात पुढे कोडाईकनालला नाव कमावलेला एव्हरशेड. कोकणापासून विदर्भापर्यंत सगळा महाराष्ट्र त्या दिवशी जगाची वेधशाळा झाला होता. त्या मानाने आपण सांगतो ती कथा किती कोती!

यात एक गोष्ट अजून राहते, आणि ती सर्वांत चविष्ट आहे. १८६८ ते १८९५ अशी सत्तावीस वर्षे हेलियम होता कुठे? फक्त एका रेषेत. पृथ्वीवर त्याचा थेंब, कण, वास काही नाही. अनेक रसायनशास्त्रज्ञ म्हणत, पदार्थ दाखवा. लॉकियरचा सहकारी फ्रँकलंड स्वतःच साशंक होता. ही रेषा विलक्षण तापमानातल्या किंवा दाबातल्या हायड्रोजनचीच असेल असे त्याला वाटे. प्रत्यक्षार्थवाद यालाच म्हणतात. दिसते ती रेषा. 'नवे मूलद्रव्य' हे तुमचे अनुमान. मार्च १८९५ मध्ये रॅमसेने क्लीव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून वायू काढला, त्यात तीच पिवळी रेषा निघाली, आणि वाद मिटला. लॉकियर बरोबर होता.

म्हणजे हटवादी रसायनशास्त्रज्ञ हरले? इतक्या घाईने निकाल देऊ नये. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा दिसली, तिच्याही जोडीला कुठलेच ज्ञात मूलद्रव्य नव्हते. हेलियमच्याच रीतीने तिला 'कोरोनियम' नाव मिळाले. तेजोमेघांतल्या हिरव्या रेषांना 'नेब्युलियम'. ही दोन्ही मूलद्रव्ये पुस्तकांत दिमाखाने वावरली. १९२७ साली बोवेनने दाखवले की नेब्युलियम म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. आणि १९४० च्या आसपास ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी दाखवले की कोरोनियम म्हणजे साधे लोखंड, लाखो अंश तापमानात तेरा इलेक्ट्रॉन गमावून बसलेले. एकच पद्धत, एकच धाडस. एकदा खरे ठरले, दोनदा खोटे. त्यांतला फरक तर्काने कळण्यासारखा नव्हता. तो तपासणीनेच कळला, आणि तपासणीचा आग्रह धरणारे लोक नसते तर कोरोनियम आजही आवर्तसारणीत जागा अडवून बसला असता.

या पत्राचा प्रत्यक्षार्थवादाबद्दलचा अभिप्राय इथेच तयार होतो. 'हे तुला कशावरून कळले?' हा प्रश्न म्हणून तो अमोल आहे. 'हे तुला कधीच कळणार नाही' असे कुंपण म्हणून तो पुनःपुन्हा तोंडघशी पडला आहे. काँत ताऱ्यांबाबत पडला. त्याच परंपरेतला एर्न्स्ट माख अणूंबाबत पडला. अणू दिसत नाहीत म्हणून ते सोयीची कल्पना आहेत असे तो म्हणत राहिला आणि पेरँने १९०८ च्या सुमारास ब्राउनी गतीच्या प्रयोगांनी अणूंची मोजदादच करून दाखवली.

व्हिएन्नाच्या मंडळींनी तर ते कुंपण भाषेलाच घातले. मोरिट्स श्लिकभोवती जमलेल्या कार्नाप, नॉयराट, हान यांनी १९२९ साली जाहीरनामा काढला. ज्या विधानाची पडताळणी करण्याची रीत सांगता येत नाही ते खोटे नव्हे, निरर्थक आहे, असा त्यांचा दंडक. मग या दंडकाची पडताळणी कशी करणार, हा प्रश्न विरोधकांनी विचारला आणि त्याला चोख उत्तर मिळाले नाही. श्लिकचा १९३६ साली विद्यापीठाच्या जिन्यावर एका माजी विद्यार्थ्याने खून केला, मंडळातले बरेच जण त्या काळच्या राजकारणाच्या धाकाने पांगले. हाच विचार इंग्रजीत नेणाऱ्या ए. जे. एअरने उतारवयात ब्रायन मॅगीशी बोलताना त्यातले जवळपास सगळे चुकीचे होते अशी मोकळी कबुली दिली. मे. पुं. रेगे आणि दि. य. देशपांडे यांच्या लेखनातून मराठी वाचकाला या वादांची ओळख आहेच. आगरकरांच्या 'सुधारका'चे नाव पुढे चालवणारे 'आजचा सुधारक' देशपांड्यांनी १९९० साली नागपुरातून सुरू केले तेव्हा पुरावा मागण्याची ही सवय त्या मासिकाच्या मुळाशी होती.

सवय म्हणून तिचा उपयोग किती, हे सरकारला तरी सांगायला नको. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा हे त्याचे उत्तम उदाहरण. ऑगस्ट २०१३ मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाची मंजुरी, असा तो आला. त्याआधीची कित्येक वर्षे श्रद्धा कोणती आणि अंधश्रद्धा कोणती या भांडणात गेली, आणि ते भांडण कधीच संपणारे नव्हते. कायद्याने त्या शब्दाची व्याख्या करण्याचा नाद सोडला. अनुसूचीत कृती लिहिल्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे, अशा. साक्षीदार पाहू शकेल, पोलीस नोंदवू शकतील, न्यायालय तपासू शकेल अशा. देवाचे काय, हा प्रश्न कायद्याने विचारलाच नाही. तो मसुदा ज्यांनी घडवला त्यांनी काँत वाचला असेल-नसेल, पण काँतचा चांगला अर्धा भाग त्यात उतरला आहे.

आता मागणी. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, त्याचा प्रचार आपल्याकडे. तेव्हा दोन्ही खात्यांनी मिळून पुढील गोष्टी कराव्यात. साहेबाच्या कट्ट्यापाशी मराठी, इंग्रजी आणि हिंदीत एक फलक लावावा. त्यावर १८६८ खाली गुंटूर, जान्सेन आणि लंडन, १८९५ खाली रॅमसे, आणि १८९८ खाली विजयदुर्ग, लॉकियर आणि 'मेल्पोमेनी' असे स्वच्छ लिहावे. नेगमवालांचे नाव विसरू नये; ग्रहण पाहायला परदेशी साहेबच आले होते असा समज मुलांचा होऊ नये. कोपऱ्यात काँतच्या १८३५ च्या भाकिताला दोन ओळी द्याव्यात. १८९८ च्या अहवालाचा मराठी अनुवाद आपल्या खात्याने करून घ्यावा आणि किल्ल्याजवळच्या शाळांना द्यावा. त्यातली एकेका खलाशाला नेमून दिलेली कामे वाचायला मुलांना आवडतील.

आणि १८ ऑगस्ट चालू ठेवताना २२ जानेवारीही पाळावा. ऑगस्टात विजयदुर्गावर सूर्य दिसण्याची खात्री कुणी देऊ शकत नाही. जानेवारीत हवा कोरडी आणि आकाश मोकळे असते. एक साधा वर्णपटदर्शक नेला तर फ्राउनहोफरच्या काळ्या रेषा मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतील. त्यासाठी लागणारा खर्च एका होर्डिंगपेक्षाही कमी आहे.

आपला नम्र,
विजयदुर्गाचा एक चाहता